बोअरचा भुगा

कोल्हापूर,
१२ मे

प्रिय संज्या,

तुझं पत्र येऊन महिना झाला, काय शिव्या द्यायच्यात त्या दे. बोअरच्या भानगडीत अडकलो होतो. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या रानात पाणाड्यानं तळहातावर नारळ उभा करून दाखवला, आई हरखली, रात्री गाडी लागली. २८० फूट गेलो. पाण्याचा टिपूस नाही, नुसता धुरळा. पैशाचं विचारू नकोस.

पण एक गंमत झाली बघ. आधी तांबडी माती निघाली, मग मुरूम, आणि मग एकदम राखाडी भुगा उडायला लागला. बॅटरीच्या उजेडात बघतोय तर हात, मिशा, चप्पल, सगळं राखेत लोळून आल्यागत. आणि मला आठवला मंगळ. हस, हस.

२०१३ च्या फेब्रुवारीत नासाच्या क्युरिऑसिटी या फिरत्या यंत्रगाडीनं तिथल्या गेल विवरात पहिलं भोक पाडलं. आमच्या बोअरपुढं पोरखेळ : रुंदी दीड सेंटीमीटरच्या आसपास, खोली साडेसहाच्या. पण वरनं तांबूस दिसणाऱ्या त्या खडकातनं निघालं काय, तर राखाडी पीठ! मंगळाचा तांबडा रंग म्हणजे वरवरचा गंज. लोखंड गंजून झालेली धूळ वाऱ्यानं सगळीकडं सारवलेली. तो खडक होता जुन्या तळ्याचा गाळ, घट्ट होऊन दगड झालेला, आणि त्यात चिकणमातीची खनिजं. त्यांना साडेसहा सेंटीमीटरवर पाण्याचा पुरावा लागला. आम्ही २८० फुटांवर कोरडेच.

बाकी तिथला बराचसा दगड आपलाच, काळा बेसाल्ट. आपल्या दख्खनचा लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. पुढं आपली जमीन उत्तरेला सरकत गेली आणि खालची तापती जागा मागं राहिली, ती आता हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली. मंगळाचं कवच असं सरकत नाही. त्यामुळं एकाच ठिकाणी थरावर थर चढून ऑलिंपस मॉन्स हा तिथला ज्वालामुखी २२ किलोमीटरच्या घरात उंच झालाय. पण पसारा ६०० किलोमीटरचा, त्यामुळं चढ अगदी सौम्य. जोतिबा चढताना चारदा बसणारा तूसुद्धा चढशील, फक्त वाटेत उसाचा रस नाही आणि हवाही जवळजवळ नाही.

सोबत दोन पुड्या पाठवतोय, एक तांबडी, एक राखाडी. वहिनींना आधीच सांगून ठेव, तांबडी आमची चटणी नव्हे. मागच्या खेपेसारखी डब्यात ओतू नका.

तुझा,
बाळ्या