गोल्डफिशला बाऊल नको, टाकी द्या

महोदय,

वाढदिवसाला काचेच्या बाऊलमधला गोल्डफिश भेट देण्याची हौस आता थांबायला हवी. तुमच्या मित्राच्या टेबलावर असा बाऊल असेल, तर त्याला नक्की समजवा. नीट सांभाळलेला गोल्डफिश 10 ते 15 वर्षे जगतो, बाऊलमधला बहुधा काही महिन्यांतच दगावतो. घात करतो तो अमोनिया. मासा तो कल्ल्यांवाटे सतत सोडत असतो आणि तीन-चार लिटर पाण्यात तो झपाट्याने साचतो. कल्ल्यांना इजा होते, मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करतो. लोकांना वाटते, भूक लागली. मग आणखी दाणे पडतात आणि पाणी अधिकच बिघडते.

दोन माशांना किमान 100 लिटरची टाकी आणि चांगला स्पंज फिल्टर हवा. अमोनियाचा निचरा करणारे जिवाणू त्या स्पंजवर स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतात, म्हणून स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे. नवे पाणी क्लोरीन काढलेले आणि टाकीइतक्याच तापमानाचे असावे.

नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले कढत पाणी थेट ओतू नका. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे एअर पंप रात्रंदिवस चालू हवा आणि वीज जाते तिथे बॅटरीवरचा पंपही हाताशी ठेवावा.

सांभाळणे जमत नसेल, तर मासा जाणत्या मत्स्यपालकाकडे द्या. फुटाळा किंवा अंबाझरीत मुळीच सोडू नका. त्याच्यासोबत रोगही तलावात जाऊ शकतात.

– काही मत्स्यपालक, नागपूर