सीटबेल्टच्या बटणासाठी आभार

सीटबेल्टच्या पट्ट्यावरचं, क्लिपला (लॉकमध्ये अडकवायच्या धातूच्या जिभेला) अडवून धरणारं छोटं प्लास्टिकचं बटण तुटलं, की क्लिप घसरत थेट तळाशी जाते. दोन भागांचं नवं बटण जुन्याच भोकात बसवायचं, पट्ट्याला नवं भोक मुळीच पाडायचं नाही, कारण तुटलेले धागे धक्क्याच्या वेळी ताण पेलत नाहीत, हे ठासून सांगणाऱ्या सगळ्या अनोळखी जाणकारांचे मनापासून आभार. क्लिप बटणाच्या वरच्या बाजूला आहे ना, पट्ट्याला पीळ नाही ना, हे आधी बघायला लावलंत. मग पकडीच्या तोंडाला फडकं गुंडाळून ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबायला. स्क्रू नको म्हणालात, सुपरग्लूही नको. ग्लूने पट्टा कडक होतो. आणि पट्ट्याची कडच उसवली असेल तर बटणाचा विचार सोडून अख्खा बेल्ट बदला, हा सल्ला तर लाखमोलाचा!