हॉर्सपॉवरवर लिहिलंत, एक्सलचं काय?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत गाडीची ताकद वाढवण्यावर लेख आला. टर्बो, एक्झॉस्ट, रीमॅप, सगळं होतं. मागच्या एक्सलचं मात्र नावही नव्हतं. एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपमध्ये माझ्या उमेदीची वर्षं क्राउन-पिनियन (मागच्या एक्सलमधली, इंजिनाचा जोर चाकांकडे वळवणारी मोठ्या-छोट्या दातेरी चाकांची जोडी) बसवण्यात गेली, त्यामुळे गप्प बसवेना.

सध्या मी मिशिगनला मुलाकडे आहे. त्याच्याकडे १९९९ची शेवरले कॅमारो झेड-२८ आहे, ५.७ लिटर व्ही-८, सहा गिअर. इंजिनाला हात लावण्याआधी त्याने मूळचा एक्सल उतरवून फोर्डच्या नऊ इंची (हा क्राउन व्हीलचा, म्हणजे मोठ्या दातेरी चाकाचा व्यास) घडणीचा बसवला. शेवरलेच्या पोटात फोर्डचं डिफरन्शियल, म्हणजे एक्सलच्या मधला दातेरी चाकांचा संच! इकडे याचं कुणाला काही वाटत नाही. घडण १९५७ची, पण सुटे भाग अजून नवेकोरे मिळतात.

हिशेब सोपा आहे. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुमारे ४५० न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये तो २.६६ पट होतो, क्राउन-पिनियनमध्ये पुन्हा ३.४२ पट. म्हणजे एक्सलवर चार हजारांच्या वर. आणि मूळचं क्राउन व्हील साडेसात इंचांहून जेमतेम मोठं! साध्या टायरवर निभावतं, कारण आधी टायर घसरतो आणि एक्सल वाचतो. ड्रॅग शर्यतीचे (थांबलेल्या गाडीने सरळ रस्त्यावर सुसाट सुटायचं) चिकट टायर घातले की ती सवलत संपली. जोर बसला की पिनियन क्राउनपासून दूर ढकलला जातो, दाते कडेवर टेकतात आणि उडतात. नऊ इंचीत पिनियनच्या पुढच्या टोकालाही बेअरिंग असतं, त्यामुळे तो दोन्हीकडून धरलेला राहतो. मात्र तो क्राउनच्या मध्यापासून बराच खाली असल्याने दाते जास्त घासतात आणि थोडी ताकद तिथेच जिरते. वजनही वाढतं.

मला खरा धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. बसच्या एक्सलवर, म्हणजे आत फिरणाऱ्या दांड्यावर, गाडीचं वजन नसतं. ते हब (चाकाचा मधला भाग) आणि हाउसिंग (एक्सलचं बाहेरचं कवच) पेलतात. एक्सल तुटला तरी बस चाकांवर उभी राहते. कॅमारोचा एक्सल फिरतोही आणि वजनही वाहतो, आणि त्याला आत अडकवून ठेवते इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची एक छोटी क्लिप. एक्सल तुटला तर चाकासकट बाहेर येऊ शकतो. म्हणूनच पाव मैल १०.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या गाड्यांना एनएचआरए ही अमेरिकेतली ड्रॅग शर्यतींची संस्था नुसत्या क्लिपवर धावू देत नाही. नव्या हाउसिंगमध्ये एक्सल चाकाकडच्या टोकाला पट्टी आणि बोल्टांनी धरलेला आहे. हे पाहिल्यावर मी मुलाला खर्चाबद्दल बोलणं सोडलं.

खर्च एक्सलपाशी थांबतही नाही. या गाडीचा लांब टॉर्क आर्म (एक्सलला पिळण्यापासून रोखणारा दांडा) थेट डिफरन्शियलला बोल्ट केलेला असतो, तो बदलावा लागला. एबीएसच्या सेन्सरसाठी दात्यांची रिंग हवी. क्राउन-पिनियनचा रेशो ३.४२चा ३.७३ केला, आणि स्पीडोमीटरचा सेन्सर गिअरबॉक्सवर, म्हणून कॉम्प्युटरमध्येही बदल करावा लागला. नाहीतर गाडी ६०ने जाताना काटा ६५ दाखवतो.

लेखकाने पुढच्या भागात निदान एवढं तरी लिहावं. आणि आपल्याकडे कुणी पाना हातात घेण्याआधी गाडीतल्या फेरफारांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काय सांगतं, तेही छापावं.

आपला,
एस.टी.चा एक निवृत्त फिटर, दापोडी