दांडीचे बूट काढू नकोस

चि. सौ. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, की बाळाचे जन्मतः आत वळलेले दोन्ही पाय आता सरळ दिसतात, पण मध्ये दांडीने जोडलेले ते दांडीचे बूट घातले की तो रात्रभर रडतो आणि तुझ्या सासूबाई "काहून लेकराला जखडून ठेवता?" असे विचारतात. फोनवर मला नीट बोलता आले नाही, म्हणून लिहीत आहे. बूट काढू नकोस.

तुझ्या धाकट्या भावाचे डावे पाऊल जन्मतःच आत वळलेले होते, हे तुला आठवत असेल. ते वर्ष २०१४ होते. चंद्रग्रहणात तुझ्या आईने विळी हाती धरली म्हणून असे झाले, असे घरातच बोलले गेले आणि मी गप्प बसलो, याचे मला आजही वाईट वाटते. अशी पावले साधारण हजार बाळांत एकाची असतात आणि बहुतेकांत नेमके कारण सापडत नाही. घराण्यात कोणाला असल्यास शक्यता थोडी वाढते, पण ग्रहणाचा किंवा आईच्या वागण्याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. बाळाच्या मामाकडे बोट दाखवून कोणी तुला बोल लावला, तर हे पत्र त्यांना वाचून दाखव.

आशाताईंनी आम्हाला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात पाठवले, तेव्हा तो पाच आठवड्यांचा होता. दर आठवड्याला पहिल्या एसटीने जायचे. प्लास्टर आदल्या रात्री घरी सोडायचे नाही, नाहीतर पाऊल पुन्हा आखडते, म्हणून ते तिथेच ओल्या फडक्यात भिजवून उलगडत. आतून निघालेला तो पांढरा, साल सुटलेला पाय तुझी आई पदराने टिपायची, डॉक्टर बोटांनी पाऊल हळूहळू बाहेर वळवायचे आणि लगेच बोटांपासून जांघेपर्यंत, गुडघा वाकवून, नवे प्लास्टर चढवायचे. घरी आम्ही त्याच्या पायाचा अंगठा दाबून पाहत असू: दाबल्यावर पांढरा पडावा आणि सोडताच पुन्हा लाल व्हावा. अशी सहा प्लास्टरे झाली. शेवटी जागा बधिर करून टाचेमागची शीर बारीक छेद देऊन मोकळी केली आणि तीन आठवड्यांचे प्लास्टर घातले. तुझ्या बाळाचेही असेच झाले आहे.

ही पद्धत अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. इग्नासियो पोन्सेटी यांनी १९५०च्या आसपास बसवली. मोठी शस्त्रक्रिया नको, महागडी यंत्रे नकोत, म्हणून ती आपल्यासारख्यांना परवडते. मलावी आणि युगांडात तर डॉक्टर कमी असल्याने प्रशिक्षित आरोग्य कर्मचारीच प्लास्टर घालू लागले. दांडीचे साधे बूटही युगांडात तिथल्याच चामड्यापासून आणि लोखंडी पट्टीपासून तयार झाले. पण पोरी, प्लास्टर पाऊल सरळ करते, ते सरळ टिकवतात हे बूट. सुरुवातीचे तीन महिने दिवसाचे २३ तास आणि पुढे चार-पाच वर्षांचा होईपर्यंत रात्री व दुपारच्या झोपेत ते लागतात.

आता आमची चूक सांगतो. तुझा भाऊ सव्वा वर्षाचा झाला होता, तुरुतुरु चालत होता, आणि कापूस वेचणीची घाई होती. रात्री थकून आल्यावर त्याच्या रडण्याला कंटाळून आम्ही बूट खुंटीला अडकवून ठेवले, ते दोन महिने. मग एके दिवशी ओसरीच्या शेणसारवणावर त्याची ओली पावले उमटली, तेव्हा उजव्या पायाची टाच उमटली होती, डाव्याची नव्हती. दवाखान्यात आम्हाला कोणी रागावले नाही, पण पुन्हा तीन प्लास्टरे घालावी लागली. आज तो सगळ्यांबरोबर धावतो. डावी पोटरी मात्र जरा बारीक आहे आणि ती तशीच राहील, असे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले होते.

बाळाच्या रडण्याबद्दल एक सांगतो. बूट नवे असतात तेव्हा दोन-तीन रात्री तो रडणारच, कारण त्याला पाय सुटे हलवायची सवय असते. दांडी हातात धरून दोन्ही गुडघे एकदम वाकव, एकदम सरळ कर, खेळवत खेळवत. दोन्ही पाय मिळून हलतात हे त्याला कळले की तो शांत होतो. मधला पट्टा आधी आवळ आणि टाच खाली टेकली आहे का, ते पाहा. टाच वर राहिली की पाऊल निसटते आणि कातडी सोलते. लाल डाग दिसला तर तेल किंवा मलम लावू नकोस, त्याने कातडी आणखी मऊ होते. फोड आला तर दवाखान्यात दाखव. दांडीला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळ, म्हणजे तुला लागणार नाही.

पुढच्या तपासणीला जावईबापूंना सुट्टी मिळत नसेल, तर मी येतो. येताना सुती मोज्यांचे चार जोड आणतो. त्या दिवशी सासूबाईंनाही सोबत घेऊ; डॉक्टरांच्या तोंडून त्यांनी एकदा ऐकलेले बरे.

तुझे बाबा