अक्कोर, आप्पांच्या हातात पुन्हा कात्री दिलीत

आदरणीय अक्कोर,
सा. न. वि. वि.

हे पत्र मागच्याच वर्षी लिहायला हवं होतं. आप्पांच्या तेराव्याला तुम्ही चुलीपुढं पुऱ्या लाटत होतात. आभार मानायला म्हणून शेजारी येऊन बसले, तर "आधी ते पीठ मळ" म्हणून मला कामाला लावलंत. तोंडावर तुम्ही बोलू देणार नाही, म्हणून हे असं सगळ्यांदेखत. (बाकीच्यांसाठी: अक्कोर म्हणजे कन्नडात शाळेतल्या बाई, आमच्या शेजारीण.) वाचताना कुठं अडलं तर नातीला विचारा. मी कन्नड फडाफडा बोलते, पण लिहायला घेतलं की अजून हात अडखळतो, नाहीतर तुमच्याच भाषेत लिहिलं असतं.

आई-आप्पांचं लग्न १९८१ चं. तारीख घरात कुणाला पाठ नव्हती, साल मात्र विसरण्यासारखं नव्हतं. तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या मागं शेतकरी निपाणीजवळ पुणे-बंगळूर हमरस्त्यावर ठाण मांडून बसले होते, आणि आप्पांचं वऱ्हाड बैलगाड्यांतून शेताशेतानं आलं. "रस्ता बंद होता म्हणून तुझा बाप मुहूर्ताला पोचला, नायतर यष्टीत झोपून कोल्हापूरला गेला असता," हे आईचं ठरलेलं वाक्य. आप्पा त्यावर काही बोलायचे नाहीत, कारण ते खरंच कुठंही झोपायचे.

झोपणारच. दिवसभर वखारीत तंबाखू चाळायची, पोती भरायची, पाठीवर घ्यायची. घरी आले की आधी दहा मिनिटं नुसत्या शिंका. कपड्यांतला खकाणा अंगणात झटकल्याशिवाय आई त्यांना उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. आई घरी विड्या बांधायची. रोज हजार, म्हणजे पंचवीसचे चाळीस बंडल. आमच्या गल्लीत विडीच्या सुपाला पुरुष हात लावत नसत, ते बायकांचं काम. जेवणं झाली की आप्पा दार लोटून घ्यायचे आणि पाला कापायला बसायचे.

हे तुम्ही पुढं पुष्कळ बघितलंत, पण तेव्हाचं तुम्हाला सांगते. संध्याकाळी भिजवलेला पाला ओल्या गोणपाटात गुंडाळलेला असायचा. एकेक पान मांडीवर पसरायचं, मधली शीर सोडून वर पत्र्याचा तुकडा ठेवायचा आणि पत्र्याच्या कडेकडेनं कात्री फिरवायची. वखारीत पोती उचलून आप्पांची बोटं जाडजूड झालेली, त्यांना विडी वळायला जमायचं नाही. पण कात्री अशी चालायची की आईला उठून बघायला लागत नसे. बंडल मोजायचेही तेच. "लाभ, दोन, तीन..." आम्ही पोरं चाळीसच्या आत झोपलेली असायचो. दुसऱ्या दिवशी छाट निघाली, म्हणजे तपासणाऱ्यानं काही विड्या नापास करून बाजूला काढल्या, की आई घरी येऊन तणतणायची. दोष कधी दोऱ्याला, कधी तंबाखूला, कधी तपासणाऱ्याच्या डोळ्यांना. कात्रीला कधीच नाही.

भांडायचीही दोघं सपाटून. एकदा माझ्या शाळेच्या फीवरून आठ दिवस अबोला होता. तरी सकाळी कापलेला पाला सुपात तयार. आई एक पान उचलून बघायची आणि भिंतीला सांगायची, "बराय." नवव्या दिवशी आप्पांनी भिंतीलाच उत्तर दिलं, तेव्हा मिटलं.

मीही सातवीपासून विड्या बांधल्या. त्या वासाचा मला इतका राग होता की नोकरी लागून पुण्याला आले तेव्हा आधी सगळे कपडे बदलले. हे सांगायचं कारण पुढं आहे.

आई २०२२ च्या श्रावणात गेली. आप्पांना मी पुण्याला आणलं. चौथ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. मग रोज फोन. जेवलासा? व्हय. झोप लागती? व्हय. त्या 'व्हय'वर मी समाधान मानायची. पुढं दिवाळीच्या सुमारास त्यांचा आवाज सुधारला, तेव्हा मला वाटलं, औषधं लागू पडली. एकदा फोनवर कात्रीचा आवाज ऐकला आणि ओरडलेच, "आता तरी तो पाला घरात कशाला आणताय?" ते म्हणाले, "काकींची बोटं दुखालीत. त्यांचा पाला कोण कापणार?"

काकींची बोटं ठणठणीत होती, हे तेराव्याला काकींनीच मला सांगितलं. तुम्ही त्यांना घरी जाऊन पढवलं होतंत म्हणे. आणि आप्पांना संशय यायला नको म्हणून रोज संध्याकाळी, शाळेतून निवृत्त झालेल्या तुम्ही, आमच्या सोप्यात बसून विडी वळायला शिकत होतात. जन्मात सुपाला हात न लावलेल्या तुम्ही! आप्पा कापायचे आणि तुम्ही वळायचात. माणूस गेल्यावर लोक डबा आणतात, विचारपूस करतात, ते आमच्या गल्लीनं केलंच. पण ह्या माणसाला रात्री जेवल्यावर हाताला काम लागतं, हे मला पोटच्या पोरीला सुचलं नाही. मी तर ते बंद करायला निघाले होते.

पेन्शनचंही लिहायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल एवढी पायपीट केली ती विसरली. आईच्या मागं आप्पांना पेन्शन मिळायची होती, तर प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदावर तिच्या नावापुढं 'बाई' आणि मृत्यूच्या दाखल्यावर कन्नडात 'अव्वा'. आमच्या भागात ही गोष्ट घरोघरची, पण कचेरीला त्या दोन बायका वाटल्या. प्रतिज्ञापत्र झालं, पुन्हा फोटो झाले, खिडकीतनं कागद परत आला, पुन्हा गेला. सात महिने. प्रत्येक कन्नड कागद तुम्ही आप्पांना मराठीत वाचून दाखवायचात आणि समजल्याशिवाय अंगठा... चुकले, सही करू द्यायचा नाहीत. चौथी शिकलेत, अंगठा का म्हणून, यावरून तुम्ही एकाला झापलंत तेही कळलं. शेवटी महिना हजार रुपये सुरू झाले, २०१४ साली ठरलेली तीच किमान रक्कम. त्यात काय होतं हे तुम्हालाही माहीत आहे. आप्पांनी शंभराच्या दहा नोटा सुपात ठेवून मोजल्या म्हणे, लाभपासून.

घर आवरायला गेल्या महिन्यात आले होते, तेव्हा तुम्ही धारवाडला होतात. कात्री आणि पत्रा काकींना दिला, कारण आता त्यांची बोटं खरोखरच धरायला लागलीत. सूप माळ्यावर आहे. फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा सापडला. आत विड्या, सगळ्या वाकड्या, काहींची तोंडं उघडी, एक तर शेंगेएवढी जाड. झाकणावर आप्पांनी खडूनं लिहिलंय: 'अक्कोर. छाट. टाकू नये.'

तो डबा मी पुण्याला आणलाय. वास येतो, येऊ दे.

तुमची,
शेजारची थोरली