सेंट्रल लाइन असलेल्या मुलांच्या ड्रेसिंगसाठी मदत हवी आहे

नमस्कार.

बालरुग्ण विभागात उपचार घेणाऱ्या मुलांच्या पालकांनी मिळून चालवलेले आमचे मंडळ आहे. मुलांसाठी खेळणी आणि गोष्टींची पुस्तके आपण नेहमीच देता. आज मागतो आहोत ती वस्तू सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही: तळहाताएवढी पारदर्शक, निर्जंतुक ड्रेसिंगची पट्टी आणि तिच्यासोबत लागणारे किरकोळ सामान.

कॅन्सरची औषधे, दीर्घकाळ चालणारी अँटिबायोटिक्स किंवा आतडी काम करत नसलेल्या बाळाला थेट रक्तातून द्यायचे पोषण, हे सगळे हातावरच्या बारीक शिरांना झेपत नाही. म्हणून छातीतून, मानेतून किंवा दंडातून एक मऊ नळी घालतात. तिचे टोक हृदयालगतच्या मोठ्या शिरेत असते. हीच सेंट्रल लाइन. 1973 मध्ये ब्रोव्हियाक यांनी आणि 1979 मध्ये हिकमन यांनी पुढे आणलेल्या नळ्या आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. या लाइनमुळे मुलाला रोज नव्याने सुई टोचावी लागत नाही, आणि बरीच मुले लाइनसकट घरी जाऊ शकतात.

पण नळी जिथून कातडीबाहेर येते, तिथून जंतूंना थेट रक्तात जायला वाट मिळते. हिकमनसारख्या नळीला कातडीखाली एक खरखरीत कडे असते. आजूबाजूचे मांस त्यात वाढून नळी पक्की धरते, मात्र त्याला काही आठवडे लागतात. तोवर सगळी भिस्त टाके आणि ड्रेसिंग यांच्यावर. दंडातून घातलेल्या सेंट्रल लाइनला, म्हणजे पिक लाइनला, बहुधा असे कडे नसतेच. त्यात मूल रांगते, कुशीवर वळते, नळी मुठीत धरून ओढते. नळी थोडी जरी बाहेर सरकली तरी टोकाची जागा बदलते आणि नवी लाइन घालायची तर पुन्हा भूल द्यावी लागू शकते.

पारदर्शक ड्रेसिंग साधारणपणे सात दिवसांनी बदलतात, खाली गॉझ, म्हणजे जाळीदार सुती कापड, असेल तर दोन दिवसांनी. हे झाले वेळापत्रक. घाम आला, आंघोळीचे पाणी शिरले किंवा एखादी कड उचकटली, की वेळापत्रक बाजूला ठेवून लगेच बदलावे लागते. आमची खरी अडचण इथेच आहे. जादा ड्रेसिंग हाताशी नसले की आईवडील उचकटलेल्या कडेवर साधी चिकटपट्टी लावून दिवस काढतात. त्या पट्टीखाली ओल साचते. त्यांना दोष देता येत नाही. सामान हातात ठेवणे, हाच यावर उपाय आहे.

ड्रेसिंग बदलायला बहुधा दोन माणसे लागतात. एक जण मुलाला जवळ घेऊन त्याचे हात सांभाळतो. दुसरा जुनी पट्टी कातडीला समांतर ठेवून, नळी बाहेर ओढली जाणार नाही अशा दिशेने, हळूहळू सोडवतो. चिकट सोडवणारे द्रव असले तर मूल कमी रडते. लहान मुलांची कातडी इतकी नाजूक असते की घाईत ओढले तर वरचा पापुद्राच निघून येतो. मग क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने जागा पुसून ती आपोआप वाळू द्यायची. फुंकर घालायची नाही. अगदी लहान बाळांना, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या, हे द्रव भाजल्यासारखी इजा करू शकते, म्हणून त्यांच्यासाठी काय वापरायचे ते डॉक्टरच ठरवतात. शेवटी नळीचा एक सैल वेढा घेऊन तो पट्टीखाली बसवायचा, म्हणजे ओढ बसली तरी ती वेढ्यावर येते, मुळाशी जात नाही.

आम्हाला पुढील गोष्टी हव्या आहेत: लहान मापाची पारदर्शक ड्रेसिंग, बिनटाक्याने नळी जागेवर धरणारे चिकट धारक, कातडीवर संरक्षक थर देणाऱ्या काड्या आणि चिकट सोडवणाऱ्या ओल्या पुसण्या (वाइप्स). वस्तू देण्यापेक्षा पैसे दिलेत तर बरे, कारण कोणत्या मुलाला कोणते माप आणि कोणता प्रकार चालतो हे वॉर्डातल्या सिस्टर सांगतात आणि आम्ही तेच आणतो. घरी उरलेले सामान द्यायचे असेल तर पाकीट न उघडलेले आणि मुदतीतले असावे. फाटलेले किंवा ओले झालेले पाकीट आम्ही घेणार नाही, राग मानू नये.

शिवणकाम येणाऱ्यांकडे एक खास मागणी. पुढून उघडणारी सुती बंडी हवी, आतून खिसा असलेली, म्हणजे नळीचे टोक गुंडाळून त्यात ठेवता येते आणि लोंबकळत नाही. गळ्यात अडकवायची पिशवी शिवू नका, झोपेत फास बसण्याची भीती असते. सेफ्टी पिनही नको. छातीवर खोटी नळी शिवलेल्या कापडी बाहुल्याही फार उपयोगी पडतात. मूल आधी बाहुलीचे ड्रेसिंग बदलते, मग स्वतःचे बदलू देते.

वेळ देऊ शकणाऱ्यांनी ड्रेसिंगच्या वेळी मुलाशी गप्पा मारायला, गोष्ट सांगायला यावे. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी मात्र कृपया येऊ नये.

मिळालेल्या रकमेची पावती दिली जाईल आणि खर्चाचा हिशेब मंडळाच्या फलकावर दर महिन्याला लावला जाईल. मदत मंडळाच्या कार्यालयात किंवा वॉर्डातल्या आमच्या प्रतिनिधींकडे द्यावी.

आपले,
पालक मंडळाचे सर्व सदस्य