सरकीच्या साठ दाण्यांचे प्रात्यक्षिक

महोदय,

पदव्युत्तर जैवतंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात ‘नवी आव्हाने आणि संधी’ अशा अर्थाचा एखादा पेपर असतो आणि तो बहुधा सेमिनारवर निभावला जातो. क्रिस्पर (जनुकसंपादनाचे तंत्र), कार-टी पेशी (कर्करोगावरचा उपचार), वीस स्लाइड, टाळ्या, गुण. विषय चुकीचे नाहीत. केंद्राने मार्च २०२२ मध्ये परकीय जनुक न उरलेल्या जनुकसंपादित पिकांना जनुकीय बदल केलेल्या सजीवांसाठीच्या १९८९ च्या नियमांतील बऱ्याच तरतुदींतून सूट दिली आणि मे २०२५ मध्ये अशा भाताचे दोन वाण जाहीर झाले, हे विद्यार्थ्याला ठाऊक हवेच. पण महाराष्ट्रात या विषयातले सर्वात मोठे आव्हान कॉलेजच्या कुंपणापलीकडे उभे असते. बीटी कपाशी (जिवाणूचे अळीनाशक जनुक घातलेली) आणि गुलाबी बोंडअळी हा विषय स्लाइडवर दाखवण्याचा नाही, हाताने करून बघण्याचा आहे.

क्राय१एसी या अळीनाशक जनुकाची कपाशी २००२ मध्ये आली, त्यात क्राय२एबी या दुसऱ्या जनुकाची जोड असलेली २००६ मध्ये. आज गुलाबी बोंडअळी दोन्ही विषे पचवते. कारणे अनेक सांगितली जातात: रेफ्युजीच्या (भोवती लावायच्या नॉन-बीटी कपाशीच्या) ओळी लावल्या गेल्या नाहीत, फरदड (वेचणीनंतरही शेतात राखलेले पीक) लांबली. एक कारण मात्र वर्गात क्वचितच निघते. आपल्याकडे बीटी कपाशी संकरित वाणांत आहे आणि बहुतेक संकरांत जनुक एकाच पालकाकडून येते. झाडाचे पान पूर्ण बीटी, पण बोंडातली सरकी ही पुढची पिढी. क्राय१एसीपुरते बोलायचे तर चारांतला एक दाणा बिनविषारी निघतो. गुलाबी अळी खाते ती नेमकी ही सरकी. एका दाण्यात विष, शेजारच्यात नाही, म्हणून अर्धवट प्रतिकार असलेली अळीही तगते. प्रतिकारशक्ती तयार व्हायला याहून सोयीची जागा कुठली?

हे तपासायला महागडे यंत्र लागत नाही. एकाच झाडाची तीन-चार बोंडे, साठ दाणे, क्राय१एसीच्या चाचणीपट्ट्या (ते प्रथिन असेल तर रेघ उमटते), प्लास्टिकच्या छोट्या नळ्या आणि दाणा चिरडायला दांड्या, एवढ्यावर भागते. दाणा भिजवून टरफल काढावे, आतला मगज पट्टीबरोबर आलेल्या द्रावणात चिरडावा, पट्टी बुडवून पाकिटावर लिहिलेल्या वेळी वाचावी. नियंत्रण रेघ (पट्टी नीट चालली हे दाखवणारी) उमटली नाही तर तो दाणा ‘नाही’मध्ये धरायचा नाही, बाद करायचा. अपेक्षित निकाल ४५ ‘आहे’ आणि १५ ‘नाही’. ४०:२० आले तर काय-वर्ग (अपेक्षेपासूनचा फरक मोजणारा आकडा) २.२२ येतो, म्हणजे ३.८४ या मर्यादेच्या आत, चालेल. ३८:२२ आले तर ४.३६, म्हणजे मर्यादेबाहेर. इथून खरा अभ्यास सुरू होतो.

चुका ठरलेल्या असतात. टरफल हे आईच्या झाडाचे ऊतक. ते नळीत राहिले तर बिनजनुकाचा दाणाही ‘आहे’ दाखवू शकतो. एकच दांडी पुसून वापरली तरी तेच. उलट बाजूने, मगज नीट चिरडला नाही किंवा पट्टीची मुदत संपली असेल तर ‘नाही’ वाढतात. साठच्या साठ ‘आहे’ निघाले तर दांड्या तपासाव्यात, नाहीतर दोन्ही पालकांत जनुक होते का ते बघावे. साठच्या साठ ‘नाही’ निघाले तर घाबरू नये. हल्ली पाकिटातच काही नॉन-बीटी बी मिसळलेले असते, तसे झाड हाती लागले असेल. म्हणून बोंडे तोडण्याआधी त्या झाडाच्या पानाची पट्टी करावी. ही एक पट्टी वाचवण्याच्या नादात साठ वाया जातात.

पुढची पायरी पीसीआर, म्हणजे जनुकाच्या असंख्य प्रती करून ते ओळखण्याची चाचणी. कपाशीच्या पानात पॉलीफेनॉल भरपूर, त्यामुळे डीएनए तपकिरी होतो आणि पीसीआर अडतो. अगदी कोवळे पान घ्यावे, १०० मिलिग्रॅम पुरे. डीएनए वेगळा करण्याच्या सीटॅब द्रावणात पॉलीफेनॉलला आवर घालणारी पीव्हीपी आणि बीटा-मरकॅप्टोइथेनॉल ही रसायने विसरू नयेत. क्राय१एसीसोबत तुलनेसाठी कपाशीचे स्वतःचे, प्रत्येक झाडात असणारे सॅड१ जनुक, नॉन-बीटी पान आणि नुसते पाणी अशा नळ्या हव्यातच. पाण्याच्या नळीच्या नमुन्यात जेलवर डीएनएचा पट्टा दिसला तर जेलचा फोटो फेकू नये, वहीत तसाच चिकटवून खाली कारण शोधावे. आमच्या मते वहीच्या या पानाला सर्वाधिक गुण द्यावेत. बियाणे तपासणीच्या नोकरीत पहिल्या दिवसापासून लागते ते हेच.

पीसीआर जनुक दाखवतो, पट्टी प्रथिन दाखवते. अळी मरते की नाही, हे दोन्ही सांगत नाहीत. त्यासाठी शेतात जाऊन डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली फुले) मोजाव्या लागतात, वीस हिरवी बोंडे फोडावी लागतात. विसांत दोन किडलेली म्हणजे १० टक्के, आर्थिक नुकसानीची पातळी, जिथून फवारणीचा विचार करावा लागतो. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तरी तीच.

अडचण वेळापत्रकाची सांगितली जाते: बोंडे फुटतात तेव्हा परीक्षा असते. पण कोरडी सरकी टिकते. पहिल्या वेचणीच्या वेळी बोंडागणिक वेगळे कागदी पाकीट करून त्यावर वाण, शेत, तारीख, झाड आणि बोंडाचा क्रमांक लिहून ठेवावा. जानेवारीत सत्र सुरू झाले की तीच पाकिटे उघडता येतात. पानाची पट्टी मात्र झाड हिरवे असतानाच करून घ्यावी.

– जैवतंत्रज्ञान शिकवणारे काही अध्यापक, विदर्भ